घोंगडी आणि पत्रा

पांघरूण ही वस्तू इतकी घरगुती आहे की तिच्याविषयी कोणी शास्त्र सांगू लागला तर ऐकणाऱ्यास प्रथम हसूच यावे. थंडी वाजली की ते अंगावर ओढावे, उकडू लागले की पायाने लोटून द्यावे, एवढे ज्ञान तान्ह्या मुलासही असते. तथापि आमचे आयुष्य पदार्थविज्ञान शिकविण्यात गेल्यामुळे म्हणा, किंवा शिरूरसारख्या उघड्या माळावरील गावी हिवाळ्याच्या पुष्कळ रात्री काढल्यामुळे म्हणा, पांघरुणाचा प्रश्न आम्हांस जितका उकलावा तितका खोल वाटत आला आहे. आणि अलीकडे तर तो आमच्या घरापुरता निकडीचाही होऊन बसला आहे. ती निकड कोणती हे पुढे ओघाने येईलच.

शिरूरास जुनी माणसे अद्याप घोडनदी म्हणतात. नदी उशाशी असली तरी गाव पर्जन्यछायेतले. मावळात धो धो कोसळणारा पाऊस येथे येईपर्यंत दमून जातो. त्यामुळे कार्तिक लागला की आकाश जे निरभ्र होते ते माघ संपेपर्यंत तसेच राहते. दिवसा ऊन चांगले चटकते आणि रात्री दात वाजतात. या थंडीचे खापर लोक उत्तरेकडील वाऱ्यावर फोडतात, व त्यात काही अंशी तथ्यही आहे. परंतु ज्या रात्री वाऱ्याची झुळूकही नसते त्याच रात्री अंगणात बाजेवर निजणारा मनुष्य अधिक काकडतो, आणि तीच बाज लिंबाच्या झाडाखाली सरकविली तर त्यास थोडी ऊब वाटते, हा अनुभव कोणासही घेता येईल. झाडाने वारा अडविला असे म्हणावे, तर वारा मुळी नव्हताच. मग झाडाने अडविले काय?

झाडाने अडविले ते आकाश. जगातील प्रत्येक वस्तू, मग ती तापलेला तवा असो की थंड पडलेली चूल, आपल्या तापमानाप्रमाणे सतत न दिसणारे किरण बाहेर टाकीत असते. किती टाकते याचा नियम योझेफ श्टेफान याने १८७९ साली प्रयोगांवरून मांडला व बोल्ट्समान याने १८८४ साली त्यास तात्त्विक आधार दिला. केवल तापमानाचा चतुर्थ घात, असा तो नियम आहे. १० अंश सेल्सिअस इतक्या थंड पृष्ठभागाचा एक चौरस मीटर घेतला तरी तो सुमारे ३६५ वॉट उष्णता या मार्गाने गमावीत असतो. ही उधळपट्टी आपणांस जाणवत नाही, याचे कारण भोवतालच्या भिंती, झाडे, माणसे तितकीच परत करीत असतात. निरभ्र व कोरडे आकाश मात्र फार कृपण! ते घेते सारे आणि परत करताना दर चौरस मीटरमागे ६० ते १०० वॉट दाबून ठेवते. ढग आले की तेच आकाश उदार होते. पावसाळी रात्र उबदार वाटते ती त्यामुळेच.

या गोष्टीचा पहिला नीट शोध लोकरीच्या पुंजक्यांनीच लागावा, ही मोठी मौज आहे. विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या लंडनच्या वैद्याने १८१४ साली दवासंबंधी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याने काय केले, तर वजन केलेले लोकरीचे लहान पुंजके स्वच्छ रात्री एका बागेत मांडून ठेविले. काही फळीच्या वर, काही त्याच फळीच्या खाली. सकाळी पुन्हा वजन केले. वरच्या पुंजक्यांवर दव पुष्कळ, खालच्यांवर अगदी थोडे. फळी वारा अडवीत नव्हती, ती आकाश झाकीत होती. माळी लोक नाजूक रोपांवर पातळ चटई पसरतात ती इतक्या पातळपणी काय थंडी अडविणार, अशी वेल्सचीही पूर्वी समजूत होती. प्रयोगानंतर त्याने त्या माळ्यांची बाजू घेतली. आमच्याकडील मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन कोणाच्या तरी वावरात वाडा बसवितो आणि डोक्यावर छप्पर नसता काळी घोंगडी पांघरून रात्र काढतो, त्याच्या अंगावरील घोंगडी हीच ती चटई होय.

आता शाळेत आपण सर्वांनी पाठ केलेले उत्तर असे की लोकर उबदार असते, कारण तिच्यात हवा कोंडलेली असते व हवा ही उष्णतेची मंद वाहक आहे. हे उत्तर रम्फर्ड याच्या वेळेपासून चालत आले आहे. त्याने १७९२ साली लोकर, कापूस, रेशीम, पिसे असे नाना प्रकार उष्णतामापकाभोवती भरून प्रत्येकातून उष्णता किती वेळात निघून जाते ते मोजले आणि तंतूंपेक्षा तंतूंत अडकलेली हवाच खरे काम करते असा निष्कर्ष काढला. निष्कर्ष चुकीचा नाही. पण तो अर्धाच आहे. आमच्या वर्गात एखादा चौकस विद्यार्थी विचारी, “सर, हवाच जर ऊब धरते, तर नुसती हवा ठेवावी, लोकर कशाला?” यावर “हवा हलू नये म्हणून” असे उत्तर देऊन पुष्कळ शिक्षक पुढे जातात. तेही अर्धेच. उरलेला अर्धा हिशेब आम्ही येथे देतो. वाचकांनी आकड्यांस भिऊ नये, कारण ते दोन-तीनच आहेत.

दोन भिंती एकमेकींसमोर ५ सेंटिमीटर अंतरावर उभ्या आहेत आणि एक दुसरीहून १ अंशाने गरम आहे असे समजा. मध्ये अगदी स्तब्ध हवा असेल, तर त्या हवेतून वहनाने दर चौरस मीटरमागे जेमतेम अर्धा वॉट उष्णता जाईल. परंतु नेहमीच्या तापमानास त्याच फटीतून किरणांवाटे, म्हणजे प्रारणाने, पाच ते सहा वॉट उष्णता निघून जाते. म्हणजे दहापटीहून अधिक! हवा बिचारी दाराशी पहारा करीत बसली आहे आणि चोर खिडकीतून घर धुऊन नेत आहे, असा प्रकार. आता त्याच फटीत हलकी काचलोकर भरा. घनमीटरास १० किलो वजनाच्या काचलोकरीत हजार भागांपैकी ४ भाग काच असते व ९९६ भाग हवाच असते. त्या चार भागांनी काय केले? किरणांवाटे जाणारी सहा वॉट उष्णता एका वॉटाच्या तृतीयांशाच्या आसपास आणून ठेविली. खिडकी बहुतेक बंद झाली. पण पुरती नाही. अशा हलक्या लोकरीतून जी काही उष्णता पार होते तिच्यातील दहांपैकी सुमारे चार भाग अजूनही किरणांचेच असतात.

तंतू हे कसे साधतात, हे कळण्यास एक सोपी कल्पना पुरते. गरम व थंड अशा दोन भिंतींच्या मध्ये एक काळा कागद टांगला, तर तो गरम बाजूकडून किरण शोषून घेतो, स्वतः तापतो आणि मग दोन्ही बाजूंस सारखे किरण टाकतो. म्हणजे घेतले त्यातील निम्मे आल्या वाटेने परत पाठवितो. अशा एका कागदाने प्रारण निम्म्यावर येते, दोहोंनी तिसऱ्या हिश्श्यावर, नऊ कागद टांगले तर दहाव्या हिश्श्यावर. आमच्या आजीच्या हातची गोधडी याच कागदांची चळत होती. जुन्या नऊवाऱ्याच्या घड्या एकीवर एक घालून ती टाके घालीत बसे. प्रत्येक घडी येणाऱ्या किरणांतील काही वाटा परत फिरवीत होती, हे तिला कोणी सांगितले असते तर तिने चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले असते एवढेच.

येथे एका लोकभ्रमाचे निरसन करण्यास हरकत नाही. काळी घोंगडी काळी म्हणून अधिक उबदार, असे पुष्कळांस वाटते. उन्हात ते खरे आहे. परंतु रात्री जे किरण अंगातून निघतात त्यांची लहर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, म्हणजे सुमारे १० मायक्रॉन लांब असते, आणि त्या लहरीच्या दृष्टीने पांढरी चादर, तांबडे लुगडे व काळी घोंगडी ही सारी जवळजवळ सारखीच काळी. अंधारात सगळी मांजरे काळी म्हणतात, ते वस्त्रांच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे.

कागदांची कल्पना चांगली. पण लोकर म्हणजे काही कागद नव्हेत. तीत तंतू कसेही पडलेले असतात, किरण एका तंतूवर आदळून शोषला जातो, दुसऱ्यावर आदळून वाकडा उधळला जातो, तिसऱ्याच्या बाजूने सटकतो. या गोंधळाचा हिशेब मांडावयाचा कसा? यासाठी जी गणिते उपयोगी पडली ती पांघरुणासाठी कोणी केलीच नव्हती. आर्थर शुस्टर याने १९०५ साली धुकट वातावरणातून प्रकाश कसा वाट काढतो याचा विचार करताना सर्व किरणांचे दोनच प्रवाह कल्पिले, एक पुढे जाणारा व एक मागे येणारा, आणि त्यांची देवघेव समीकरणात बसविली. स्वेइन रोसेलान या नॉर्वेच्या ज्योतिर्विदाने १९२४ साली ताऱ्याच्या पोटातून उष्णता बाहेर कशी येते याचे सूत्र दिले. ताऱ्यातील किरण दोन पावले जातो न जातो तोच कोणाशी तरी धडकतो आणि भलत्याच दिशेस वळतो; जत्रेच्या गर्दीत सापडलेल्या पोराप्रमाणे त्याची वाटचाल होते. धडकांमधील हे सरासरी पाऊल किती लांब, एवढे कळले की उष्णता किती झिरपेल ते सांगता येते. आपल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या साऱ्या विषयास जी भव्य व रेखीव मांडणी दिली ती पाहून गणिताचा तिटकारा असणारासही दोन घटका आदर वाटावा.

ताऱ्यांचे हे गणित काचलोकरीस लागू करण्याचे काम १९५२ साली व्हर्शूर व ग्रीब्लर यांनी नेटाने केले, आणि पुढे १९८३ साली टाँग व टिएन यांनी तंतूची जाडी धरून ते पुष्कळ सूक्ष्म केले. हलक्या काचलोकरीत किरणाचे सरासरी पाऊल २ मिलिमीटरांच्या आसपास पडते. पाच सेंटिमीटरांच्या थरात अशी पंचवीस पावले होतात, म्हणून तेथे रोसेलानचे सूत्र छान चालते. परंतु अंगावरची घोंगडी पडली चार-पाच मिलिमीटर जाड! तीत किरणास पुरती चार पावलेही टाकण्यास जागा नाही, कित्येक तर एखाद्याच धडकेत पार होतात, आणि ताऱ्याचे सूत्र तेथे लंगडे पडते. मग प्रत्येक दिशेचा किरण वेगळा धरून हिशेब करावा लागतो. त्यात तंतू कोणत्या दिशेस पडले आहेत यानेही फरक पडतो. किरणाच्या वाटेत आडवा पडलेला तंतू त्यास अडवितो; वाटेच्या रोखानेच उभा असलेला तंतू त्यास नुसता बाजूने जाऊ देतो. तारा सोपा आणि घोंगडी अवघड, असा हा उलटा न्याय आहे, व तो आम्हांस फार आवडतो.

आता निकडीकडे वळू. आमच्या आत्याबाई शिरूरच्या जुन्या पेठेत राहतात. वय वर्षे ८२. घर दुमजली असून वरची खोली पत्र्याची आहे. पूर्वी तेथे कौले होती. माकडांनी व पावसाने त्यांची दैना केली तेव्हा पत्रे आले. आत्याबाईंची देवपूजा, वाचन, दुपारची वामकुक्षी सारे काही त्याच खोलीत. खाली येऊन राहा असे त्यांस सर्वांनी सांगून पाहिले, त्यांचे उत्तर ठरलेले असे: “अरे, खाली तुमचे दूरदर्शन आणि स्वयंपाकघराची खडखड. वर मला माझे ऐकू येते.” दोन वर्षांपूर्वी चैत्रात भर दुपारी त्यांस त्या खोलीत भोवळ आली. देवाच्या कृपेने नात वर गेली होती म्हणून निभावले. त्या दिवसापासून पत्र्याखाली काय घालावे हा आमच्या कुटुंबातील वादाचा विषय झाला, आणि पदार्थविज्ञानाचे शिक्षक म्हणून निकाल देण्याचे काम आमच्यावर आले.

पत्र्याची दुपार ही घोंगडीच्या रात्रीची उलट बाजू होय. रात्री अंगातली ऊब वर पळते. दुपारी वरची आग अंगावर उतरते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात पत्रा ६० अंशांच्या पुढे सहज जातो. नवा चकचकीत पत्रा किरण टाकण्यात थोडा चिक्कू असतो, पण गंज चढला, रंग लागला, धूळ बसली की त्याची ही काटकसर संपते. अशा जुन्या पत्र्याचा एक चौरस मीटर खालच्या माणसांवर व वस्तूंवर दीडशे वॉटांच्या आसपास उष्णता नुसत्या किरणांनी ओतीत असतो. खोलीचे छत ११ चौरस मीटर. म्हणजे सोळा-सतराशे वॉट. एवढ्या ताकदीची विजेची शेगडी दुपारभर डोक्यावर पेटती टांगावी, तसेच ते झाले. पंख्याने यात विशेष काही होत नाही. पंखा हवा हलवितो. किरणांस पंख्याची दखल नसते. वातशीतक यंत्र बसवावे असे जावयांचे म्हणणे होते, आणि आम्ही त्यास विरोध केला नाही. पण पेटत्या शेगडीखाली बर्फ ठेवण्यापूर्वी शेगडीवर झाकण घालावे, एवढेच आमचे मत पडले.

झाकणासाठी आम्ही बाजारात गेलो. दुकानदाराने काचलोकरीच्या गुंडाळ्या दाखविल्या व “दोन इंची पाहिजे की तीन इंची?” असे विचारले. आम्ही विचारले, “घनमीटरास किती किलो?” यावर त्याने आमच्याकडे पाहिले ते आम्ही कोठून आलो या कुतूहलाने. त्याचा दोष नाही. सारे गिऱ्हाईक जाडीच विचारते. पण प्रारणाच्या हिशेबात जाडीइतकेच वजनालाही महत्त्व आहे, व ते असे. किरणाच्या वाटेत किती तंतू आडवे येणार हे थरातील एकंदर मालावर ठरते. तोच माल पिंजून दुप्पट फुगविला म्हणून आडवे येणारे तंतू काही वाढत नाहीत. वाढते ती कोंडलेली हवा. त्यामुळे हलकी काचलोकर तेवढ्याच वजनात पाचाची दहा सेंटिमीटर केली, तर तिचा अडसर दुप्पट होत नाही, जेमतेम दीडपट होतो. आणि आणखी फुगवीत गेले तर लाभ आटत आटत जातो. उलट त्याच जाडीत वजन चौपट घातले, तर किरणांवाटे जाणारी उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते. शिवाय हा किरणांचा वाटा तापमानाच्या घनाने वाढतो. माघातल्या रात्री जेवढा असेल त्याच्या जवळजवळ दीडपट तो वैशाखातल्या दुपारी पत्र्याखाली होतो. म्हणून हिवाळ्यात पुरेसे वाटलेले हलके पांघरूण उन्हाळ्यात छतास पुरत नाही. जो माल इंचावर विकला जातो तो मनगटावर तोलूनही पाहावा, हे एवढे तरी गिऱ्हाइकांनी शिकून घ्यावे असे आम्हांस वाटते.

चकचकीत ॲल्युमिनियमच्या पत्रीविषयीही दुकानात पुष्कळ ऐकिले. ती गुणी वस्तू खरी. तिच्यावर पडलेले बहुतेक किरण ती परतवून लावते आणि स्वतः फारच थोडे टाकते. परंतु तिच्या एका अंगास मोकळी हवा असावी लागते, आणि तिचे तेज राखावे लागते. शिरूरच्या धुळीची ज्यांस ओळख आहे ते जाणतील की वर तोंड करून पसरलेली पत्री दोन उन्हाळ्यांत मातीच्या रंगाची होते. खाली तोंड करून लाविली तर धूळ बसत नाही. हे समजून लावणारा कारागीर मिळेल तर लावावी.

परत येताना रस्त्याच्या कडेला एका वावरात मेंढ्यांचा वाडा बसला होता. कातरणी नुकतीच झालेली दिसली आणि बांधाच्या कडेला काळ्याकरड्या लोकरीचा ढीग पडून होता, पावसात भिजेल की कुत्री पसरतील याची कोणास पर्वा नव्हती. आम्ही थांबून विचारले. म्हातारा मेंढपाळ म्हणाला, “मास्तर, कातरायची मजुरी निघंना. न्यायला कुणी येत न्हाई. पयले सनगर यायचे, वजनावर न्यायचे. आता घोंगडी कोन घेतंय?” खरेच आहे. सनगरांचे माग बसले. चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली घोंगडी आता लग्नात किंवा देवाच्या कामाला लागली तर लागते. आणि झगझगीत फुलांचे यंत्रावरचे ब्लँकेट तिच्या किमतीच्या मानाने कितीतरी स्वस्तात बाजारात मिळते. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिचा स्वेटर होत नाही. कळप मांसासाठी पोसला जातो आणि लोकर हा कातरून टाकावयाचा कचरा झाला आहे.

आम्ही दुकानात जे विकत घेण्याचे ठरवीत होतो तेच येथे बांधावर फुकट सडत होते, हा विचार त्या क्षणी मनात आला आणि मग तो सोडवेना. परदेशात मेंढीच्या लोकरीचे थर घरांच्या छतांत घालतात हे आम्ही वाचलेले होते. पण ती लोकर वेगळी आणि तेथील उन्हाळाही वेगळा. आपली लोकर आपल्या पत्र्याखाली चालेल काय, हा प्रश्न भावनेने सुटणारा नव्हे. तो हिशेबाचा आहे, व हिशेब थोडा प्रतिकूल आहे हे सांगितले पाहिजे. काचलोकरीचा तंतू ५ मायक्रॉनच्या आसपास बारीक. दख्खनी लोकरीचा ३० ते ५०. तंतूची जाडी दुप्पट झाली की तेवढ्याच वजनात त्याची पडणारी सावली निम्मी होते. लोकर काचेहून वजनाने हलकी असल्यामुळे काही तूट भरून निघते. आणि काचेचे तंतू किरणांच्या लहरीहून बारीक असल्यामुळे लहर त्यांना वळसा घालून थोडीफार निसटते, त्यामुळे आणखी काही. तरीही काचलोकरीइतके किरण अडविण्यास या जाड्या लोकरीचे वजन आमच्या अंदाजाने दुप्पट ते चौपट भरावे लागेल. घनमीटरास ४० किलो धरले व थर ५ सेंटिमीटरांचा धरला, तर आत्याबाईंच्या खोलीस २२ किलो स्वच्छ लोकर पुरे. एक मेंढी वर्षाकाठी जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर देते. म्हणजे चाळीस-पन्नास मेंढ्यांची वर्षाची कातरणी. ज्या कळपासमोर आम्ही उभे होतो त्यातून दोन-तीन खोल्या झाकल्या गेल्या असत्या.

हा विचार घरी मांडला तेव्हा त्याचे स्वागत झाले असे म्हणता येणार नाही. लोकरीस वास येतो, कसर लागते, उंदीर घर करतात, अशा एकाहून एक खऱ्या शंका निघाल्या. वासास रिठ्याचे पाणी आहे. कसरीस टाकणखार आहे, परदेशांतही तोच वापरतात. उंदरांस जाळी मारावी लागेल. आगीची शंका जावयांनी काढली. लोकर कापसासारखी भडकत नाही, ती करपते व बहुधा विझते. आमच्या समोर एक पुंजका काडी लावून पाहण्यात आला. वास मात्र असा सुटला की दोघे जण उठून गेले. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत शीतकपाटे तयार होतात. त्यांच्या भिंतींत भरतात तसला फेस का घालू नये, असाही एक सूर निघाला. घालावा, तोही उत्तम आहे, आणि त्याच्या बारीक बारीक कोठड्यांतून किरण कसे झिरपतात याचेही गणित हेच. पण ती कोठडी कारखान्यात फुगवावी लागते आणि ही लोकर मेंढीच्या पाठीवर आपोआप उगवते.

आत्याबाईंनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “तुझे गणित मला कळत नाही. पण लग्नात माझ्याबरोबर घोंगडी आली होती, ती अजून पेटीत आहे. तिच्यावर बसून मी पूजा करते आणि वैशाखातसुद्धा फरशी तापल्याची मला कधी जाणीव झाली नाही. घाल लोकर.” खोली त्यांची, डोके त्यांचे, मत एकास एक न मोजता त्यांचे मत ग्राह्य धरण्यात आले. अर्धे छत काचलोकरीचे व अर्धे दख्खनी लोकरीचे करावे, दोन्हींखाली एकेक उष्णतामापक टांगावा आणि वैशाखभर दुपारी दोन वाजता नातीने आकडे वहीत उतरवावेत, असा तह शेवटी झाला. वही घेतली गेली आहे. तिच्यावर नातीने मेंढीचे चित्रही काढून ठेविले आहे.

लोकर आणण्यास म्हाताऱ्याने पैसे घेण्याचे नाकारले. मग त्याच्या नातवंडांच्या हातात ते ठेविले. दोन पोती रिठ्याच्या पाण्यात तीन वेळा धुतली, आणि तेलकट घाण व काटेकुसळे जाऊन वजन इतके उतरले की तिसरे पोते आणावे लागले. सध्या ती गच्चीवर वाळत आहे. शेजारच्या काकूंनी वासाविषयी एकदा बोलून दाखविले. आत्याबाईंनी त्यांस वर बोलावून चहा पाजला. पिंजारी आता दारावरून धनुकली वाजवीत जात नाही. पुष्कळ शोध केल्यावर दौंडकडचा एक मिळाला, त्याच्याकडे पिंजण्याचे यंत्र आहे. लोकर त्याने पूर्वी कधी पिंजली नव्हती, पण येत्या आठवड्यात येण्याचे कबूल केले आहे. पिंजलेली लोकर आडव्या थरांनी पसरावयाची, उभी खोचावयाची नाही, कारण उभ्या तंतूंमधून किरण निसटतात, हे आम्ही त्यास दोनदा बजावून सांगितले. तो म्हणाला, “साहेब, गादी उभी कोण भरतो?”